राखलेली खांड

निवडून आले तेव्हा मला सगळ्यांत आधी मिळाला तो शिक्का. लाकडी मुठीचा, रबराचा, वर माझं नाव आणि खाली ‘सदस्य, पंचायत समिती, पेण’. त्याच्याबरोबर जांभळ्या शाईचं पॅड. पाच वर्षं माझ्या उजव्या अंगठ्याला त्या शाईचा डाग होता. भाकरी थापायला बसले की सासूबाई तो बघायच्या आणि म्हणायच्या, “आदी हात धू गो, सरकार नको भाकरीत.”

बायकांसाठी जागा राखीव झाल्या त्या पहिल्याच निवडणुकीत मी आले. पेणच्या खाडीकडची सात गावं मिळून आमचा एक गण. सगळ्यांनी गृहीत धरलं होतं की सही ही करेल आणि सभेला नवरा जाईल. पण माझा नवरा मिठागरावर काम करणारा, चारचौघांत बोलायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा. तो म्हणाला, “उभी तू राहिलीस ना, मंग बसायला पन तूच जा.” गेले. पहिल्या सभेला मला मागच्या रांगेत पंख्याखाली बसवलं. पंखा बंद होता.

मेंबरकीत काय काम असतं असं अजून कोणी कोणी विचारतं. काय असतं! सकाळी चुलीवर भात ठेवावा आणि ओटीवर कोणीतरी येऊन बसलेलं असावं. रहिवासी दाखला. रेशनकार्डात नाव घाला. शाळेचे गुरुजी आठवड्यातून तीनदाच येतात. एस.टी. फाट्यावरूनच परत फिरते, गावात आणा. एका म्हातारीला पेन्शनचा फॉर्म भरायचा, तर तिचं वय कोणालाच माहीत नाही, तिला तर नाहीच नाही. “मोठा पूर आलता तवा मी नेसायला लागलेली,” ती म्हणाली. मोठा पूर कुठला, यावर तिघांचं भांडण झालं. शेवटी मी अंदाजाने आकडा घातला आणि शिक्का मारला. शिक्का मारला की अंदाज खरा होतो, हे मला तेव्हा कळलं आणि आवडलं. खोटं कशाला बोलू.

दुसरं काम मयतीचं. सात गावांत कोणीही गेलं की मेंबरने गेलंच पाहिजे. लग्नाला नाही गेलं तर चालतं, माणसं रुसतात आणि विसरतात. मयतीला नाही गेलं तर “मेंबरीन आता मोठी झाली” हे वाक्य पाच वर्षं पुरतं. पायात चिखल, डोक्यावर पदर, रडणाऱ्या बाईच्या पाठीवर हात, आणि तेवढ्यात मागून कोणीतरी कानात सांगणार, “ताई, आमच्या बोअरिंगचं काय झालं?” वैताग यायचा. पण बोअरिंगचं विचारणारा माणूसही चूक नसायचा. त्याला मी दुसरीकडे कुठे भेटणार?

हे सगळं मी निभावलं. वाईट निभावलं असं कोणी म्हणणार नाही. पण मला सांगायचं आहे ते बांधाचं.

आमचं गाव भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहे. पाहुण्यांना हे खरं वाटत नाही. भरतीच्या वेळी बांधावर उभं राहिलं की एका हाताला पाणी वर दिसतं आणि दुसऱ्या हाताला भात खाली. मधे फक्त मातीचा बांध. खाडीच्या अंगाचा मोठा बांध तो बाहेरकाठा. घरांच्या अंगाचा लहान तो आतकाठा. दोन्हींच्या मधली जमीन म्हणजे खार, आणि गावची निम्म्याहून जास्त शेती त्या खारीत होती. होती म्हणते, कारण आता नाही.

बांधाला भगदाड पडलं की आमच्याकडे म्हणतात, खांड गेली. आणि खांड गेली की जोळ निघते. जोळ म्हणजे गावाने मिळून बांध भरायचा. घरटी एक माणूस. हाळी देणारा प्रत्येक दारासमोर उभा राहून ओरडतो, “घरचा एक मानूस, बांधावर!” मग दारातून कोणीतरी “व्हय” म्हणायचं. एकाच दारावरून हाळी न थांबता पुढे जाते, ज्या घरात मयत झालंय त्या दारावरून. तेरा दिवस त्या घराला कोणी बोलावत नाही. बाकी सबब चालत नाही. ओहोटीला खाडीतल्या चिकट मातीचे गोळे काढायचे, माणसांची रांग लावायची आणि हातोहात गोळे खांडीपर्यंत पोचवायचे. काम संपलं की घरांच्या क्रमाने मोजणी. जो गैरहजर, त्याने पुढच्या जोळीला दोन माणसं द्यायची. कुठे लिहिलेलं नाही हे, पण आमच्या एक्केचाळीस घरांत कोणी मोडलेलंही मला माहीत नाही.

जोळ माझ्या चुलत सासऱ्यांकडे होती. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. हाळी तेच द्यायचे, मोजणी तेच करायचे. शाळा पाहिलेली नव्हती, पण पाणी बोटांवर होतं त्यांच्या. नवी सून म्हणून आले तेव्हा त्यांनीच मला शिकवलं, “तिथीची पाऊनपट कर गो, ती भरतीची येळ. अष्टमीला किती?” मी म्हणायचे, सहा. “पुनवेला?” सव्वाअकरा. “म्हंजे दुपारच धर,” असं म्हणून हसायचे. पौर्णिमा-अमावास्येचं पाणी मोठं, ते उधाण. अष्टमीच्या आसपासचं पाणी लहान, तो भांग. खांड भरायची ती भांगाला, दुपारच्या ओहोटीत. तीन दिवस मिळतात, फार तर चार. ते चुकले की पाणी पुन्हा चढायला लागतं.

माझा त्या जोळीवर राग होता. तोही सांगते. लग्नाच्या पहिल्या वर्षी खांड गेली तेव्हा नवरा मिठागरावर, सासूबाई तापाने निजलेल्या, आणि हाळीला “व्हय” म्हणायला घरात मीच. सहावा महिना होता मला. कोणी मुद्दाम उभं केलं नाही. कोणाच्या डोक्यातच आलं नाही, माझ्यासुद्धा. कंबरभर चिखलात दोन दिवस गोळे उचलले आणि तिसऱ्या दिवशी पोर गेलं. मुलगी होती. आबांनी स्वतः येऊन तेरा दिवस आमच्या दाराला हाळी लागणार नाही असं सांगितलं. तो त्यांचा मोठा मान होता, पण मला वाटलं की यांच्या तोंडात शेण घालावं. त्यानंतर मला दोन मुलगे झाले, धडधाकट. पण माझ्या सुना त्या चिखलात उभ्या राहणार नाहीत हे मी तेव्हाच ठरवलं होतं. निवडणुकीत मी दुसरं काही बोललेच नाही. गावागावांत जाऊन एकच सांगितलं, बाहेरकाठ्याला दगड बसवून घेईन.

दगड बसवणं इतकं सोपं नव्हतं. बांध गावाने घातलेला, गावाने राखलेला, पण कागदावर तो केव्हाच एका खात्याचा झालेला. त्या खात्याचं नाव घेत नाही, दोष त्यांच्या माथी मारायचाच नाही मला. पहिलं दीड वर्ष मी ठराव, स्मरणपत्र, निवेदन, पुन्हा स्मरणपत्र करत राहिले. शेवटी एका हेडक्लार्कने मला बसवून चहा दिला आणि नीट समजावलं. भला माणूस होता. म्हणाला, “ताई, चांगल्या बांधाला दगड कोण देणार? बांध तुटला, तो साहेबांनी मोजला, पंचनामा झाला, तर दुरुस्तीच्या कामात दगड बसतो. तुमची लोकं काय करतात? खांड पडली की दोन दिवसांत भरून मोकळी. साहेब येतात तेव्हा बांध धडधाकट. भरलेली खांड मोजायची कशी?”

आणि ते खरंच होतं. नागोठण्याच्या बाजूच्या एका गावात तसंच झालेलं मला माहीत होतं. गाव राबलं, बांध भरला, साहेब आले, बांधावरून चालत गेले, नारळपाणी प्यायले आणि ‘नुकसान आढळले नाही’ असं लिहून गेले. मी घरी येताना एस.टी.त बसून ते सगळं डोक्यात फिरवलं. एवढी वर्षं आम्ही स्वतःच स्वतःचा पुरावा बुजवत होतो! मला एकदम हुशार झाल्यासारखं वाटलं.

तिसऱ्या वर्षी श्रावण लागता लागता, अमावास्येच्या उधाणाला बाहेरकाठ्याला खांड गेली. मोठी नाही. दोन माणसं हात पसरून उभी राहिली तर भरेल एवढी. भरतीला थोडं पाणी आत यायचं, कडेची दोन-तीन शेतं ओली व्हायची, ओहोटीला निघून जायचं. भात गुडघ्याएवढं हिरवंगार उभं होतं.

आबा तृतीयेला सकाळी ओटीवर आले. टोपली बरोबर घेऊनच.

“सप्तमीपासून जोळ काढतो,” ते म्हणाले. “अष्टमी, नवमी. दोन दिसांत भरून व्हईल.”

मी म्हटलं, “आबा, नको. या वेळी थांबा.”

त्यांना वाटलं मी थट्टा करते. “थांबा? पानी थांबतंय व्हय?”

मी त्यांना सगळं सांगितलं. पंचनामा, मोजमाप, दगड. मी आदल्या दिवशीच पेणला जाऊन अर्ज दिला होता आणि साहेब अष्टमीला येतो म्हणाले होते. तीच तर आपली भांगाची तिथी! ते सकाळी मोजतील, आपण दुपारच्या ओहोटीला भरू. दगडही मिळेल आणि भातही वाचेल. यात वाईट काय होतं? आजही मला तो हिशेब चुकीचा वाटत नाही. चुकीचं काय झालं ते पुढे.

आबांना पटलं नाही. त्यांनी संध्याकाळी देवळासमोर गाव बसवलं. मी बोलले, आणि चांगलं बोलले, तीन वर्षांच्या सभांनी तेवढं शिकवलं होतं. पोरींना, सुनांना किती दिवस चिखलात घालणार, असं विचारलं तेव्हा बायकांनी माना डोलावल्या. कंपनीत शिफ्टला जाणारी मुलं तर आधीच माझ्या बाजूची. जोळीला दांडी म्हणजे कंपनीत दांडी, त्यांच्या नाकी नऊ यायचे. मी म्हटलं, हात वर करा. आमच्या गावात जोळीसाठी कधी हात वर झालेले नव्हते. सगळे हात माझ्या बाजूने वर झाले, आबांचा सोडून.

ते काही चिडले नाहीत. टोपली उचलली आणि म्हणाले, “तू मेंबर हायस. तू म्हनशील तसा.”

निवडून आल्याच्या दिवशी झाला नव्हता एवढा आनंद मला त्या संध्याकाळी झाला. नाचायचीच बाकी होते.

अष्टमीला साहेब आले नाहीत. त्यांच्याकडे रोह्याचाही चार्ज होता आणि ते रोह्याला अडकले होते. पाऊस असा की समोरचं माणूस दिसेना. मी छत्री घेऊन बांधावर बसून राहिले, खांडीच्या कडेला. दुपारी ओहोटी लागली, खांड कोरडी पडली, तळ दिसायला लागला. तेव्हा दोन बायका चिखलाचे गोळे घेऊन आल्या. एक माझी जाऊ, एक शेजारीण. त्यांची शेतं अगदी कडेला, आत आलेल्या पाण्याने पहिली रोपं लाल पडायला लागली होती. जावेने गोळा खांडीत ठेवला आणि पायाने दाबला.

“काढ तो,” मी म्हटलं.

“अगो, एवढाच. माझ्या शेताच्या अंगाला.”

“एवढाच पण नको. साहेबांना दिसलं तर म्हणतील, भरतायत, मग आम्ही कशाला? काढ म्हणते ना!”

तिने माझ्याकडे बघितलं. मी छत्री बाजूला ठेवली, खांडीत उतरले आणि तिने ठेवलेला गोळा उचलून खाडीच्या अंगाला फेकून दिला. तो चिखलात पडल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. बांधावर ठेवलेली माती खाडीत फेकणारं आमच्या गावात माझ्याआधी कोणी झालं नसेल.

नवमीला मी चालत हायवेला गडबपर्यंत गेले आणि तिथल्या एस.टी.डी. बूथवरून रोह्याला फोन लावला. साहेब स्वतः बोलले. म्हणाले, “बाई, निघालोच होतो. नागोठण्याला अंबा नदीचं पाणी रस्त्यावर आलंय, गाड्या सोडत नाहीत. उद्या नक्की.” मी म्हटलं, उद्या म्हणजे उद्याच हं, परवा पाणी चढेल. “हो हो, कळतं मला,” ते म्हणाले. आणि त्यांना कळत होतं, मला शंका नाही. पण नागोठण्याचं पाणी दशमीलाही उतरलं नाही.

दशमीला संध्याकाळी आबा पुन्हा आले. या वेळी टोपली नव्हती. ओटीवर चढलेसुद्धा नाहीत, अंगणातच उभे राहिले.

“उद्याची ओहोटी हाय शेवटची. उद्या सकाळी हाळी देऊ का?”

त्यांनी मला विचारलं. पाणी ज्यांच्या बोटांवर, ते मला विचारत होते, तिथीची पाऊणपट त्यांच्याकडूनच शिकलेल्या बाईला! तेव्हा तरी माझ्या जिभेला काही झालं असतं तर बरं झालं असतं. पण एवढे तीन दिवस राखलं, आता उद्या साहेब येणार आणि खांड भरलेली सापडणार, मग हे तीन दिवस कशासाठी? अर्जावर माझी सही, गावाने माझ्यासाठी हात वर केलेले. मी म्हटलं, “उद्या दुपारपर्यंत वाट बघू.”

एकादशीला दुपारपर्यंत वाट बघितली. साहेब आले नाहीत. दुपारी मीच धावत जाऊन आबांना म्हटलं, काढा जोळ. त्यांनी हाळी दिली, माणसं निघाली, पण निम्मी कंपनीत. जी आली ती रांग लावून उभी राहीपर्यंत ओहोटी संपत आली होती. रात्रीच्या भरतीने टाकलेलं सगळं नेलं. द्वादशीला पुन्हा लागलो. गोळा टाकला की पाण्यातच विरघळायचा. खांडीच्या दोन्ही कडा आतून पोखरल्या होत्या, उभं राहिलं की पायाखालून माती सरकायची. त्रयोदशीला आबांनी सगळ्यांना वर बोलावलं. “मानूस जाईल,” एवढंच म्हणाले.

पौर्णिमेला दुपारी सगळं गाव आतकाठ्यावर उभं होतं. बाराच्या आतबाहेर बाहेरकाठा दोन्ही बाजूंनी बसत गेला, गडगडाट नाही, काही नाही, नुसता बसत गेला. पाणी खारीत शिरलं आणि भाताच्या शेंड्यांवरून सरळ चालत आमच्या पायांपाशी आलं. माझ्या जावेने तोंडावर हात दाबून धरला होता. मला वाटलं आता सगळे माझ्यावर धावून येतील. आले असते तर किती बरं झालं असतं. कोणी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. अर्ध्या तासाने माणसं घरी गेली आणि बांधावर मी एकटी उरले.

साहेब दोन दिवसांनी आले. रेनकोट, गमबूट, हातात टेप. टेपचं टोक शिपायाने धरलं आणि साहेब चालत गेले, टेप संपली, पाणी संपलं नाही. त्यांनी टेप गुंडाळली. माझ्याशी ते अगदी आदराने बोलले.

“बाई, दुरुस्तीत हे बसणार नाही. दुरुस्ती करायला बांध लागतो. हे नवीन काम झालं. नवीन प्रस्ताव करावा लागेल.”

मी म्हटलं, “खांड होती हो. मी राखून ठेवली होती तुमच्यासाठी.”

त्यांनी टेप शिपायाकडे दिली. “पाऊसच असा झाला,” ते म्हणाले.

नवीन प्रस्ताव मी केला. उरलेली दोन वर्षं दुसरं काही केलं नाही म्हटलं तरी चालेल. फाईल पेणहून अलिबागला गेली, अलिबागहून मुंबईला, तिथून त्रुटी काढून परत. त्रुटी भरल्या. पुन्हा गेली. तोपर्यंत खारीत भरती-ओहोटी सुरू झाली होती, आणि दुसऱ्या पावसाळ्यानंतर शेतांत तिवरं, खाऱ्या पाण्यातली झाडं, उगवायला लागली. आता तिथे तिवरांचं रान आहे. त्याला हात लावायला बंदी आहे, तशी पाटीही आहे. सातबाऱ्यावर अजून आमची नावं आहेत आणि पीक म्हणून भात लिहिलेलं आहे.

गावाने मला एका शब्दाने दोष दिला नाही. देता येत नव्हता, सगळ्यांचे हात वर झाले होते ना. दाखल्यांना माणसं येत राहिली, मी शिक्के मारत राहिले. शाळेच्या झेंडावंदनाला मला खुर्ची, नारळ, शाल, सगळं पूर्वीसारखंच. माझी जाऊ मिठागरावर जायला लागली. तिच्या घरी वर्षाचा तांदूळ पिकायचा, आता ती दुकानातून पिशवीने आणायची आणि माझ्या अंगणातून जाताना पिशवी दुसऱ्या हाताला घ्यायची. आबा भेटले की म्हणायचे, “कशा हाव मेंबरबाय?” पूर्वी ते मला ‘काय गो’ म्हणायचे.

बाहेरकाठा गेल्यावर खाडी थेट आतकाठ्याला लागली. तो लहान बांध, त्याच्यामागे राहिलेली थोडी शेती आणि आमची घरं. पुढच्या वर्षी भाद्रपदात त्याला खांड गेली. छोटीच. या वेळी कोणी गाव बसवलं नाही, कोणी हात वर करायला सांगितलं नाही. सप्तमीला सकाळी मी अंगण झाडत होते तेव्हा हाळी ऐकू आली. आबांचा आवाज थकला होता, पण गल्लीच्या टोकापासून नीट ऐकू येत होता. घरचा एक मानूस, बांधावर! व्हय. घरचा एक मानूस, बांधावर! व्हय. मी झाडू ठेवला, पदर खोचला आणि दारात जाऊन उभी राहिले.

शेजारच्या दाराला हाळी झाली. मग आबा आमच्या दारासमोरून चालत गेले आणि पुढच्या घरासमोर जाऊन उभे राहिले. घरचा एक मानूस, बांधावर!

मी खुळ्यासारखं आत वळून बघितलं. नवरा पेणला बाजाराला गेला होता, मुलं शाळेत, सासूबाई चुलीपाशी. मयत कोणीच नव्हतं. सासूबाईंनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी पदर डोळ्याला लावला आणि लाकूड पुढे सारलं.

मी घमेलं घेतलं आणि गेले. हाळी नसली तर नसली! रांग लागली होती, माणसाला माणूस. मी एका जागी उभी राहिले, कोणी सरकलं नाही. दुसऱ्या जागी गेले. शेवटी माझी जाऊ अर्धं पाऊल मागे सरली, चिखलाचा गोळा माझ्या हातात टेकवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “धर. पानी येतंय.” दुपारची अख्खी ओहोटी मी तिच्या शेजारी उभी होते. कंबरेपर्यंत चिखल. मला तीच जागा आठवत होती, तोच वास, तोच सहावा महिना. रडायला येत होतं आणि हात रिकामा नव्हता.

भरती लागायच्या आत खांड भरली. आबा बांधावर चढले आणि घरांच्या क्रमाने मोजायला लागले. प्रत्येक घराकडे काठी करायचे, त्या घरचा माणूस “हाय” म्हणायचा. शेजारच्या घराची “हाय” झाली. मी तोंड उघडलं. काठी पुढच्या घरावर गेली. निदान गैरहजर म्हणाले असते तरी चाललं असतं. गैरहजर घराला पुढच्या वेळी दोन माणसं द्यावी लागतात, मी चार दिली असती.

“चाळीस,” आबा म्हणाले. “जोळ पुरी झाली.”

माणसं हातपाय धुवायला निघाली. माझ्या हातात शेवटचा गोळा राहिला होता. तो मी बांधावर ठेवला, पायाने दाबला आणि घरी आले.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता पेणला मासिक सभा होती. मी गेले. हजेरीच्या वहीत त्या तारखेला माझी सही आहे, नखांत चिखल होता म्हणून कडेला थोडी डागाळलेली. त्या वहीत मी हजर आहे.